आधी काच, मग डबा

मेअखेरीस आमच्या किनाऱ्यावर घरोघरी आवराआवर सुरू होते. कौलं परतायची, पागोळ्यांखाली येणारं सामान आत घ्यायचं, कपाटाच्या तळाशी गेलेलं वर काढून त्याला ऊन दाखवायचं. यंदा या धांदलीत ओळखीच्या तीन घरांतून एकाच जातीची वस्तू बाहेर निघाली: जुनी लेन्स.

पहिली अलिबागेतली. घरातले आजोबा बोटीवर इंजिनरूममध्ये होते. त्यांनी जपानच्या कुठल्याशा बंदरातून आणलेली ५० मिलिमीटरची, एफ १.४ ची सुपर-टाकुमार. कॅमेऱ्याची बॉडी कधीच कुणाला तरी देऊन टाकलेली, आणि लेन्सची काच कोऱ्या चहासारखी पिवळी पडलेली. दुसरी मुरूडची. कुवेतला नोकरीला असलेल्या चुलत्यांनी सत्तरच्या दशकात आणलेली निकॉर, तिच्या अ‍ॅपर्चरच्या कड्यावर सशाच्या कानांसारखे दोन धातूचे पंख. तिसरी रेवदंड्याच्या एका निवृत्त मास्तरांची. तिला निदान बॉडी तरी होती, रशियन झेनिट-ई, पण शटर अडकलेलं. लेन्स हेलिओस ४४-२, साफ.

या वस्तू आपल्याकडे कशा आल्या याचा हिशेब सोपा आहे. १९९१ च्या आधी परदेशी कॅमेरा रीतसर आयात करणं हे मध्यमवर्गाच्या आवाक्यातलं काम नव्हतं. ज्यांचं कुणी आखातात किंवा बोटीवर होतं त्यांच्या घरी जपानी माल आला. ज्यांचं नव्हतं त्यांना रशियन माल मिळाला, कारण सोव्हिएत संघाशी व्यवहार रुपयांत चाले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात कुवेत-दुबईची वाट जुनी, म्हणून तिथल्या कपाटांत निकॉन आणि याशिका जास्त. हे माझं निरीक्षण, गणती नव्हे.

तिन्ही घरांतल्या पुढच्या पिढीने विचारलं ते एकच: फिल्मवर फोटो काढायचेत, तर या लेन्सला सेकंडहँड कॅमेरा कोणता घेऊ?

एकाच नावाने उत्तर देता येईल, आणि पुष्कळ लोक देतातही. पण मला तो प्रश्नच उलटा वाटतो. चित्र लेन्स काढते. मॅन्युअल एसएलआरची बॉडी म्हणजे प्रकाश आत न येऊ देणारा डबा, त्यात एक आरसा आणि ठरल्या वेळेला उघडझाप करणारा पडदा. डबा काचेच्या मापाने निवडायचा असतो. आणि इथे राहणाऱ्याने तो आणखी एका गोष्टीच्या मापाने निवडायला हवा, ती म्हणजे आपली हवा.

पण त्याआधी एक आक्षेप ऐकून घ्यायला हवा, कारण तो वजनदार आहे. जुन्या लेन्सचा मऊपणा, रंग, पार्श्वभूमीतली ती गरगर एवढंच हवं असेल तर फिल्मची गरजच काय? आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्याला आरसा नाही, म्हणून लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर कमी असतं आणि मध्ये साधा अडॅप्टर घालून जगातली जवळजवळ कुठलीही जुनी एसएलआर लेन्स त्यावर चालते. रोल नको, धुलाई नको. फिल्मचा एक फोटो, म्हणजे रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून भागिले छत्तीस, हा आज एका वडापावपेक्षा महाग पडतो. ज्याच्या घरात मिररलेस आहेच त्याने आधी अडॅप्टर घ्यावा आणि महिनाभर लेन्स वापरून बघावी, असंच मी सांगतो. त्यात लेन्सचीही परीक्षा होते. पण अलिबागच्या मुलीचं म्हणणं वेगळं होतं. तिला छत्तीसच फोटो हवे होते. तीनशे साठ काढून त्यातले तीन ठेवायचा तिला कंटाळा आला होता. या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधायची गरजही वाटत नाही.

तर माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते ते कडं. तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. टाकुमार आणि हेलिओस या दोन्ही एम ४२ जातीच्या, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाच्या, बरणीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या. त्यांचं हे अंतर ४५.४६ मिलिमीटर. निकॉनचं ४६.५. फरक एका मिलिमीटरहून किंचित जास्त, बाजारात कुणी सांगणारही नाही इतका. पण एम ४२ लेन्स साध्या अडॅप्टरने निकॉनवर चढवली की ती फिल्मपासून तेवढी पुढे सरकते, आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस मग सुमारे अडीच मीटरच्या पुढे जातच नाही. समोरच्या ओट्यावर बसलेला माणूस नीट येईल. जंजिरा येणार नाही, गलबत येणार नाही, क्षितिज तर नाहीच. ज्या गावात घरातून बाहेर पडलं की समोर लांबचंच सगळं, तिथे हा कॅमेरा काय कामाचा? अडॅप्टरमध्ये भिंग घालून हा दोष काढता येतो, पण मग जुन्या लेन्समागे एक स्वस्त लेन्स लावल्यासारखं होतं आणि मूळ काचेची चव जाते.

पेंटॅक्सने १९७५ मध्ये आपला नवा के माउंट आणला तेव्हा हे अंतर मुद्दाम तेच ठेवलं. त्यामुळे के१००० किंवा एमएक्सवर एम ४२ लेन्स पातळ कड्यासारख्या अडॅप्टरने चढते आणि क्षितिजापर्यंत फोकस होते. मात्र तो अडॅप्टर माउंटच्या आत बसणारा हवा. बाहेरून कड असलेले स्वस्त अडॅप्टर पुन्हा तोच मिलिमीटर वाढवून ठेवतात. शिवाय फोटो काढताना अ‍ॅपर्चर आपोआप मिटत नाही, ते हाताने मिटावं लागतं आणि तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. दुपारी किनाऱ्यावर हे चालून जातं. संध्याकाळी जेट्टीवर मासळी उतरताना वैताग येतो.

टाकुमारवाल्या घरासाठी म्हणून दोन रस्ते राहतात. एक म्हणजे मूळचाच एम ४२ कॅमेरा: पेंटॅक्सचा स्पॉटमॅटिक, जो १९६४ मध्ये आला, किंवा पूर्व जर्मनीचा प्राक्टिका एमटीएल. दुसरा म्हणजे के१०००, जो १९७६ पासून १९९७ पर्यंत निघत राहिला आणि जगभर विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणूनच ओळखला गेला. स्पॉटमॅटिक हातात घेतला की सोडवत नाही, हे कबूल. प्राक्टिका दिसायला ओबडधोबड, खटका पुढच्या अंगाला, आवाज दार आपटल्यासारखा. तरी मी प्राक्टिकाचं नाव आधी घेईन. का ते हवेपाशी आल्यावर सांगतो.

मुरूडच्या निकॉरचं प्रकरण आणखी नाजूक. निकॉनने १९५९ पासून माउंट तोच ठेवला, म्हणून कुठलीही निकॉर कुठल्याही निकॉनवर चालते अशी समजूत आहे. ती अर्धी खरी. १९७७ मध्ये कंपनीने अ‍ॅपर्चरचा आकडा बॉडीला कळवण्याची पद्धत बदलली. त्याआधीची लेन्स नंतरच्या बॉडीवर जबरदस्तीने चढवली तर बॉडीवरची छोटी पट्टी मोडू शकते. १९७७ च्या एफएमवर ही पट्टी वर दुमडता येते, म्हणून जुनी लेन्स सुखाने बसते. १९८२ च्या एफएम२ वर ती दुमडत नाही. नावात एका आकड्याचा फरक, पण मुरूडच्या मुलाच्या या जुन्या पद्धतीच्या लेन्सला एक चालतो आणि दुसरा चालत नाही. अर्थात एफएमवरही या लेन्सने मीटर बघायचा तर आधी अ‍ॅपर्चर मिटावं लागतं. ते नको असेल तर निकॉरमॅट आहे. तो याच सशाच्या कानांसाठी बनलेला, वजनाने पाट्यावरच्या वरवंट्यासारखा, आणि भावात एफएमहून बराच खाली.

एफएम२ ची बाजूही मांडायला हवी, कारण तिच्याकडे लोक उगाच धावत नाहीत. तिचं शटर सेकंदाच्या ४००० व्या भागापर्यंत जातं. याचा किनाऱ्यावर काय उपयोग? रखरखीत उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला १२५ व्या भागाला एफ १६ लागतो, हा जुना हिशेब. लेन्स उघडी ठेवून मागचं धूसर करायचं असेल तर शटर वेगवान हवं. झेनिट ५०० व्या भागाला थांबते, म्हणजे भर दुपारी एफ ८ च्या खाली उतरता येत नाही. के१००० एफ ५.६ पर्यंत नेतो, एफएम२ थेट एफ २.८ पर्यंत. काशीदच्या पांढऱ्या वाळूवर तर आणखी एक पायरी चढवावी लागते. एफ १.४ ची लेन्स झेनिटवर लावून दुपारी बाराला नारळीच्या बागेबाहेर उभं राहणं म्हणजे विहिरीवर जाऊन चूळ भरून परत येणं. यावर उपाय म्हणजे काळसर फिल्टर, किंवा सकाळी लवकर उठणं. मला दुसरा आवडतो.

आता हवा. पुण्यात कोरड्या कपाटात तीस वर्षं पडलेला कॅमेरा आणि चौलात तीस वर्षं पडलेला कॅमेरा एकाच कारखान्यातले असले तरी आता ते भाऊ राहिलेले नाहीत. चार महिने दमट हवा, उरलेले आठ महिने खारा वारा. पहिलं दुखणं लेन्सचं: बुरशी. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. साफ केल्यावर धागे जातात, खाल्लेला लेप परत येत नाही. चामड्याची केस हे बुरशीचं माहेरघर. जुन्या कॅमेऱ्याबरोबर ‘ओरिजिनल लेदर केस’ मिळाली म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर मी उलट कमी देईन. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय मला पटत नाही. पिठूळ धूळ लेन्सच्या फटींत जाते. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल, एवढं पुरे.

ऊन हा उपाय मात्र खरा आहे, आणि टाकुमारला तर तोच लागतो. तिची पिवळी छटा बुरशीची नाही. त्या काळी काच जास्त प्रकाश वाकवणारी व्हावी म्हणून तिच्यात थोरियम ऑक्साइड मिसळत, आणि त्याच्या सौम्य किरणोत्सर्गाने काच दशकानुदशकांत पिवळी पडते. नेहमीच्या वापरात घाबरण्यासारखं काही नाही. काच घासू मात्र नये. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा पिवळेपणा हळूहळू उतरतो. पण ती अंगणात आमसुलांशेजारी वाळत टाकायची वस्तू नव्हे. दुपारच्या उन्हात आतलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं, आणि उघडी लेन्स म्हणजे शेवटी भिंगच. खाली कागद असेल तर जळेल. सकाळचं ऊन, खाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, रोज दोन-तीन तास, आणि कॅमेऱ्यापासून वेगळी करून. आरसा वर अडकलेल्या कॅमेऱ्यावर लावून सूर्याकडे तोंड करून ठेवली तर काय होतं ते रेवदंड्याच्या झेनिटच्या पडद्यावर दिसतं: टाचणीएवढी भोकं.

कारण झेनिट, स्पॉटमॅटिक आणि के१००० यांचा पडदा रबर चढवलेल्या कापडाचा असतो. दमटपणात ते रबर चिकट होतं, कोरड्यात चिरतं, उन्हात जळतं. प्राक्टिका, निकॉरमॅट आणि एफएम यांची शटरं धातूच्या पात्यांची, वरून खाली धावणारी. त्यांच्यावरही तेल येतं, गंज येतो, पण माझ्या अनुभवात इथल्या चार पावसाळ्यांत कापड जितकं कुरकुरतं तितकं धातू कुरकुरत नाही. प्राक्टिकाचं नाव आधी घेतलं ते यासाठी. ज्याच्याजवळ चांगला कारागीर आहे त्याने माझं हे ऐकू नये आणि खुशाल स्पॉटमॅटिक घ्यावा. कापडाचा पडदा बदलता येतो, तो बदलणारे हात फोर्टमध्ये आणि पुण्यात अजून आहेत. फक्त ते हात आता साठीच्या पुढचे आहेत, हाही हिशेबात धरायचा मुद्दा आहे.

हीच गोष्ट विजेवर चालणाऱ्या बॉडीची. कॅननचा १९७६ चा एई-१ किंवा मिनोल्टाचा एक्स-७०० वापरायला फार सोपे, व्ह्यूफाइंडर स्वच्छ, आणि नवशिक्याचे रोल कमी वाया जातात. त्यांच्या बाजूने हे छोटं कारण नाही. पण सेल संपला की खटका दाबून काही होत नाही, आणि आतली सर्किट पट्टी खाऱ्या हवेत गेली तर कारागीरही हात जोडतो. यांत्रिक बॉडीत सेल फक्त मीटरसाठी असतो. मीटरही मेला तरी मोबाइलवरच्या मीटरने किंवा अंदाजाने काम भागतं.

काट्याचा मीटर म्हणजे तरी काय, चुंबकाजवळ टांगलेली बारीक तारेची गुंडाळी आणि तिचा काटा. अलिबागकरांना अशा काट्यांचं नवल नाही. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये आमच्या गावात हलवली गेली, आणि तिथल्या काट्यांची थरथर कित्येक दशकं फोटोच्या कागदावरच उमटत होती. कॅमेऱ्यातल्या काट्याचं दुखणं वेगळं आहे. साठ-सत्तरच्या दशकांतले बरेच मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत, आणि तो सेल आता बनत नाही. साधा दीड व्होल्टचा सेल घातला की पुष्कळदा काटा जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळे येतात. स्पॉटमॅटिकच्या सर्किटची रचना अशी आहे की तिथे हा फरक जाणवत नाही. बाकीच्यांसाठी कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल चालतो, १.४ व्होल्टचा. तो श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो, आणि एकदा सील काढलं की काही आठवड्यांत संपतो. झेनिट-ईच्या कपाळावरच्या सेलेनियमच्या मीटरला सेलच लागत नाही, पण बहुतेकांचा तो मीटर आता डोळे मिटून बसलेला असतो.

विकत घ्यायचा कुठून? ऑनलाइन जाहिरातीत पर्याय भरपूर, पण ‘चालू स्थितीत’ या शब्दांचा अर्थ बहुधा ‘खटका दाबल्यावर आवाज येतो’ इतकाच असतो. मी एकदा असाच एक कॅमेरा मागवला. आवाज खणखणीत होता, आणि छत्तीसपैकी छत्तीस फोटोंची एक बाजू काळी आली. मुंबईच्या दुकानातून सर्व्हिस केलेला आणि सहा महिन्यांच्या भरवशाचा कॅमेरा बराच महाग पडतो, पण त्या जास्तीच्या पैशांत कारागिराची मजुरी असते, हे लोक विसरतात. तिसरा पर्याय गावातलाच, ओळखीच्या घरातला. तो स्वस्त, आणि बघून घेता येतो. फक्त एक प्रश्न संकोच न करता विचारायचा: ३ जून २०२० ला, ‘निसर्ग’ वादळात, हा कुठे होता? त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरपासून अलिबागपर्यंत किती घरांची छपरं गेली आणि किती कपाटं भिजली ते आपण पाहिलं आहे. भिजून वरवर सुकलेला कॅमेरा बाहेरून नवरीसारखा दिसतो.

हातात आल्यावर मी आधी सेलची खोली उघडतो. कल्हई गेलेल्या भांड्यासारखी ती कळकलेली, हिरवी पडलेली असेल तर तारही गेली असं समजायचं. मग मागचं दार उघडून एक सेकंदाचा वेग लावायचा आणि ऐकायचं. आतली चक्रं मध्येच दम खात असतील तर वंगण सुकलंय. दाराच्या कडेचा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरायचं कारण नाही, ती घरी करायची दुरुस्ती आहे. काळी लोकर चालते. पडद्याची भोकं शोधायला लेन्स काढून आतून टॉर्च. मग कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर. लेन्स अनंतावर लावायची आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा तट बघायचा. थळला असाल तर खांदेरीचा दीपस्तंभ. तिथे तो स्पष्ट दिसला नाही तर आरसा किंवा माउंट हललेला आहे. पहिल्या रोलमधले दोन फोटो समुद्रावरच्या कोऱ्या आभाळाचे काढायचे, एक वेगवान आणि एक संथ. शटरचे दोन पडदे सारखे धावत नसतील तर आभाळाची एक बाजू गडद येते. एवढी मोठी कोरी भिंत मुंबईकराला फुकट मिळत नाही.

रेवदंड्याच्या मास्तरांना मी काही घ्यायला सांगितलं नाही. त्यांची झेनिट भावनेपोटी दुरुस्त करायची तर करावी, हिशेबात ती बसत नाही. मजुरीच्या पैशांत दुसरी येईल. हेलिओस त्यांनी अलिबागच्या मुलीला द्यावी असं मी सुचवलं, कारण माउंट एकच. मास्तर म्हणाले, “बघतो.” म्हणजे देणार नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. मुरूडच्या मुलाने निकॉरमॅट शोधायला सुरुवात केलीय. त्याच्या डोक्यातून एफएम२ गेलेली नाही, मधूनमधून मला तिचे फोटो पाठवत असतो.

अलिबागच्या मुलीने अजून बॉडी घेतलेली नाही. पावसाळ्यात घेऊच नको, असं मीच तिला सांगितलंय. मुंबईहून आणायचा तर गेटवेच्या लाँच बंद, रो-रो समुद्राच्या मर्जीवर, आणि जून ते सप्टेंबर नव्या आलेल्या कॅमेऱ्याला ओल चढायचीच. प्राक्टिका की स्पॉटमॅटिक हे तिचं ती दसऱ्यानंतर ठरवील. तोवर लेन्स खिडकीत आहे, फॉइलवर, काचेआड. मधल्या उघडिपीत चार दिवस ऊन पडलं तेव्हा तिने पांढऱ्या कागदावर धरून मला दाखवली. कोऱ्या चहात आता थोडं दूध पडलंय.